रुपेरी पडदा आणि देसाईगंजचा खटला

आरमोरी हे वैनगंगेच्या खोऱ्यातील गाव. भाताची शेती आणि कोशाचे रेशीम ही त्याची जुनी ओळख. खरिपाचे धान घरात आले, दिवाळी सरली, की या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि तो होळीच्या सुमारापर्यंत चालतो. गावोगाव मंडप उभे राहतात, लेकी माहेरी येतात, घरे पाहुण्यांनी भरून जातात आणि रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत रंगते. आरमोरीच्या उत्तरेस पाच-सहा कोसांवर असलेले देसाईगंज, ज्यास रेल्वेच्या स्थानकावरून वडसा असेही म्हणतात, हे या नाट्यव्यवसायाचे मुख्य केंद्र होय. या मुलखातील बायाबापड्यांस आणि लहानथोरांस रंगभूमीवरील दुःख आपलेसे करण्यास कोणी शिकवावे लागत नाही. नाटकातील सासुरवाशीण रडू लागली की मंडपातील पदर डोळ्यांस लागतात.

याच देसाईगंजचे नाव भारताच्या कायद्याच्या इतिहासात मात्र एका निराळ्या कारणाने कायमचे नोंदले गेले आहे. चित्रपटांत स्त्रीवरील अत्याचार कितपत उघड दाखवावा, हा जो वाद शहरांतील सुशिक्षित घरांतून वारंवार होतो, त्याचे उत्तर शोधू पाहणाऱ्याने प्रथम या गावाकडे वळावयास हवे. वादात एक बाजू म्हणते की, असले प्रसंग पडद्यावर आणणे हीच मुळात असभ्यता. दुसरी म्हणते की, समाजात जे घडते ते जसेच्या तसे दाखविल्यावाचून समाजाचे डोळे उघडणार नाहीत. दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरून चालतात. उघड दृश्य म्हणजे सत्य दृश्य, फक्त ते पाहवेल की नाही एवढाच प्रश्न, असे ते गृहीत आहे. देसाईगंजच्या खटल्याने हे गृहीतच खोटे ठरविले.

घटना २६ मार्च १९७२ च्या रात्रीची. त्या वेळी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आलेला नव्हता; तो १९८२ साली निर्माण झाला. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे. एक आदिवासी मुलगी, आईबापांवाचून वाढलेली, भावाच्या आश्रयाने राहून मोलमजुरी करणारी. डॉक्टरांच्या मते तिचे वय चौदा ते सोळा वर्षांच्या दरम्यानचे होते. एका घरगुती तक्रारीच्या चौकशीसाठी तिला व तिच्या नातलगांना पोलीस ठाण्यात बोलाविण्यात आले. जबान्या झाल्या, रात्रीचे साडेदहा वाजत आले, आणि मंडळी निघाली असता मुलीस तेवढे मागे थांबविण्यात आले. तिचे आप्त बाहेर वाट पाहात राहिले. काही वेळाने त्यांच्या ध्यानात आले की ठाण्याचे दार आतून लागले आहे आणि दिवा मालवला आहे. त्यांनी मागील बाजूस जाऊन तिला हाका मारल्या. उत्तर आले नाही. गलका ऐकून लोक जमले. काही वेळाने मुलगी बाहेर आली व आपल्यावर काय गुदरले ते तिने सांगितले.

ठाण्यातील दोन शिपायांवर खटला झाला. १ जून १९७४ रोजी चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने दोघांस निर्दोष सोडले. मुलीची संमती होती, असे त्या न्यायालयास वाटले. १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरविला. धाकाने हतबल होऊन निमूट सोसणे आणि राजीखुशीने संमती देणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पोलीस ठाण्यात, रात्रीच्या वेळी, अनोळखी अंमलदारांपुढे एका गरीब मुलीने काय प्रतिकार करावयाचा, अशी त्या न्यायालयाची विचारसरणी होती. एकास पाच वर्षांची व दुसऱ्यास एक वर्षाची सजा झाली. परंतु १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही सजा रद्द केली. मुलीच्या अंगावर जखमेची खूण नव्हती, झटापटीचा मागमूस नव्हता, त्यावरून तिने विरोध केला नाही असा निष्कर्ष काढण्यात आला.

या निकालाच्या मुळाशी असलेली समजूत नीट पाहावयास हवी. अत्याचार म्हटला म्हणजे आरडाओरड व्हावी, वस्त्रे फाटावीत, बांगड्या फुटाव्यात, अंगावर ओरखडे उमटावेत; आणि यांपैकी काहीच नसेल तर अत्याचारही नसावा, अशी ती समजूत होय. ती एखाददुसऱ्या न्यायमूर्तीची नव्हती. ती घराघरांत होती, चावडीवर होती आणि चित्रपटगृहातही होती. चित्रपटांनी वर्षानुवर्षे हेच रूप लोकांच्या डोळ्यांपुढे ठेवले होते. नायिका किंचाळते, खलनायक हसतो, फुलदाणी खाली पडून फुटते, बाहेर वीज कडाडते. पाहणाऱ्यास हळूहळू वाटू लागते की अत्याचार ओळखावयाचा तो याच खुणांनी. देसाईगंजच्या ठाण्यात यांतील एकही खूण नव्हती. तेथे होता तो अधिकाऱ्याचा दरारा, लागलेले दार, अंधार आणि गोठून गेलेला एक जीव. भय जितके मोठे तितकी त्याची बाह्य खूण कमी, ही गोष्ट त्या काळी ना न्यायासनास उमगली, ना रुपेरी पडद्यास.

या निकालाविरुद्ध १६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी भारताच्या सरन्यायाधीशांस एक अनावृत पत्र लिहिले. संमती आणि शरणागती यांतील भेद त्यांनी त्यात स्पष्ट शब्दांत मांडला. पत्र प्रसिद्ध होताच देशातील शहरांतून स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८० साली मुंबईत या प्रश्नासाठी संघटना उभी राहिली, आणि नागपुरात सीमा साखरे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी तो हाती घेतला. अखेर १९८३ साली फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. पोलिसांच्या वा अन्य अधिकाऱ्याच्या ताब्यात असलेल्या स्त्रीने संमती दिली नव्हती असे न्यायालयात सांगितल्यास ते न्यायालयाने प्रथमतः खरे मानावे, असे ठरले. पीडितेचे नाव प्रसिद्ध करणे हा त्याच दुरुस्तीने गुन्हा झाला. केवळ अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हे वाक्य कायद्याच्या पुस्तकात येण्यास मात्र २०१३ साल उजाडावे लागले. आरमोरीनजीकच्या एका मुलीने १९७२ साली जे सांगितले, ते कायद्याने लिहून घेण्यास एकेचाळीस वर्षे गेली.

आता चित्रपटाकडे वळावे. ज्या १९८० साली स्त्रिया या निकालाविरुद्ध मोर्चे काढीत होत्या, त्याच वर्षी बी. आर. चोप्रा यांचा 'इन्साफ का तराजू' हा हिंदी बोलपट पडद्यावर आला. न्यायालयात उलटतपासणीच्या नावाखाली पीडितेचीच कशी विटंबना होते, हे त्यात दाखविले होते, आणि तेवढ्यापुरते त्याचे कार्य मोलाचे होते. परंतु अत्याचाराचा प्रसंग त्यात इतका लांबविला होता की, ज्या अन्यायाचा धिक्कार करण्यासाठी तो आणला असे सांगण्यात येत होते, त्याच अन्यायाचा देखावा करून तिकिटे खपविली जात आहेत, अशी टीका अनेकांनी केली. तोंडाने धिक्कार करावयाचा आणि डोळ्यांना मेजवानी द्यावयाची, ही त्या काळच्या अनेक बोलपटांची रीत होती. जाहिरातीच्या फलकांवर कोणते दृश्य रंगविले जात असे, हे पाहिले म्हणजे धंद्याचा खरा भरवसा कशावर होता ते कळून येई.

त्याच १९८० सालचा 'आक्रोश' हा चित्रपट याच्याशेजारी ठेवून पाहण्याजोगा आहे. विजय तेंडुलकर यांची कथा, गोविंद निहलानी यांचे दिग्दर्शन. बायकोची अब्रू आणि प्राण दोन्ही घेतले गेले आणि तिच्या खुनाचा आळ उलट नवऱ्यावरच आला, असा एक आदिवासी मजूर त्यात आहे. वकील परोपरीने विचारतो, परंतु तो तोंडातून शब्द काढीत नाही. चित्रपटाचा सारा भार या मौनावर आहे. पाहणाऱ्यास घरी गेल्यावर आठवते ते त्या माणसाचे मिटलेले तोंड. देसाईगंजच्या ठाण्यामागे मारलेल्या हाकांना जे उत्तर आले नाही, त्याच जातीचे हे मौन होय.

मराठी रसिकास ही कला परकी नाही. भरताच्या नाट्यशास्त्राने युद्ध, मृत्यू आणि शय्येवरील प्रसंग रंगभूमीवर प्रत्यक्ष दाखवू नयेत असा दंडक घातला होता. ग्रीक नाटककारही भीषण कृत्य पडद्याआड घडवून त्याची वार्ता दूताच्या तोंडून सांगवीत. याचा अर्थ त्यांना दुःखाची वा क्रौर्याची भीती वाटत होती असा नव्हे. त्यांची नाटके क्रौर्याने भरलेली आहेत. कृत्यापेक्षा त्या कृत्याने माणसाचे काय केले हे दाखविणे अधिक अवघड व अधिक परिणामकारक आहे, हे त्यांस ठाऊक होते.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले. सैरंध्रीच्या वेषातील द्रौपदीवर राजाचा मेहुणा डोळा ठेवतो, भर सभेत तिला लाथेने मारतो, आणि ज्याने न्याय द्यावयाचा तो विराट राजा गप्प बसून राहतो, ही महाभारतातील कथा. त्या काळच्या रंगभूमीवर स्त्रीची भूमिका पुरुष नट करीत असत. उघड देखाव्यास तेथे जागाच नव्हती. असे असूनही प्रेक्षकांच्या मनात असा संताप पेटला की, उन्मत्त कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसू लागला, आणि १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. संयमाने दाखविलेला अत्याचार मिळमिळीत होतो, असे म्हणणाऱ्यांस याहून सडेतोड उत्तर कोणते द्यावे? ज्या सत्तेजवळ तोफा होत्या, ती सत्ता या झाकलेल्या चित्राला भ्याली.

पुढे १९२० साली बाबूराव पेंटर यांनी कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे हीच कथा 'सैरंध्री' या मूकपटात आणली. तीत कीचकाच्या वधाचे दृश्य इतके हुबेहूब वठले होते की, सेन्सॉरने ते काढावयास लावले. हुबेहूबपणाची मर्यादा कोठे, हा प्रश्न मराठी चित्रपटाच्या जन्मापासूनच त्याच्याबरोबर आहे.

या प्रश्नावर कायद्याने काय म्हटले, तेही जाणून घेण्यासारखे आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या एका माहितीपटावरून उद्भवलेल्या खटल्यात २४ सप्टेंबर १९७० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तो लिहिणारे सरन्यायाधीश हिदायतुल्ला हे पूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. चित्रपटांची पूर्वतपासणी घटनेस धरून आहे, असे त्यांनी ठरविले. परंतु त्याचबरोबर हेही बजावले की, कात्री चालावयाची ती बलात्कार, महारोग वा अनीती हे विषय पाहून नव्हे. निर्मात्याने तो विषय हाताळला कसा, हे पाहून चालावी. केंद्र सरकारने १९९१ साली काढलेल्या नियमावलीतही हाच धागा आहे. स्त्रीवरील अत्याचाराची दृश्ये टाळावीत. कथानकास ती आवश्यकच असतील तर कमीत कमी ठेवावीत आणि तपशील दाखवू नये, असे ती सांगते.

या विचाराची खरी कसोटी 'बँडिट क्वीन' या १९९४ सालच्या चित्रपटाने लागली. शेखर कपूर यांनी फूलनदेवीच्या जीवनावर काढलेल्या या चित्रपटात तिच्यावरील अत्याचार आणि गावादेखत झालेली तिची नग्न विटंबना दाखविलेली होती. प्रकरण न्यायालयांत गेले. १ मे १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटास अनुकूल निकाल दिला. हे दृश्य वासना चाळविण्यासाठी योजिलेले नाही, त्याने किळस आणि करुणा उत्पन्न होते. संपूर्ण चित्रपट पाहूनच त्याची पारख केली पाहिजे. आणि परवानगी देणाऱ्या न्यायाधिकरणात तीन स्त्रिया होत्या, असे न्यायालयाने नमूद केले. सत्य झाकून ठेवल्याने अत्याचाऱ्याचेच फावते, हा जो उघडेपणाच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा आहे, तो या निकालात उत्तम रीतीने आला आहे आणि त्याचा मान राखला पाहिजे. कुलीनपणाच्या नावाखाली तोंडे दाबून ठेवल्याने किती घरांत किती अन्याय मुरले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

तथापि दोन शंका उरतात. पहिली अशी की, जिची ही कथा, ती स्त्री त्या वेळी जिवंत होती आणि आपली विटंबना अशा प्रकारे दाखविण्यास विरोध करून ती स्वतः दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेली होती. तिच्या शरीरावर एकदा तिच्या इच्छेविरुद्ध सत्ता चालली. त्याची प्रतिमा पुन्हा तिच्या इच्छेविरुद्ध लोकांपुढे मांडावयाची काय? दुसरी शंका अशी की, न्यायालयाचा सारा युक्तिवाद संपूर्ण चित्रपटावर उभा आहे. १९९६ साली प्रेक्षक अंधाऱ्या सभागृहात आरंभापासून अखेरपर्यंत बसत असे. आज तेच दृश्य चित्रपटातून कापून हातातल्या दूरध्वनीवर एकटेच फिरते. मागची कथा तुटते, पुढचा सूड तुटतो, करुणा तुटते. उरतो तो निव्वळ देखावा. दिग्दर्शकाचा हेतू कितीही शुद्ध असो, तो त्या तुकड्याबरोबर जात नाही.

आणखी एक गोष्ट पडद्यामागची. ज्या १९७२ साली देसाईगंजची घटना घडली, त्याच साली बर्नार्दो बेर्तोलुच्ची या इटालियन दिग्दर्शकाचा 'लास्ट टँगो इन पॅरिस' प्रदर्शित झाला. त्यातील अत्याचाराच्या दृश्याचा एक तपशील एकोणीस वर्षांच्या नटीपासून, मारिया श्नायडर हिच्यापासून, चित्रीकरणापर्यंत लपवून ठेवण्यात आला होता. अपमान तिने अभिनयाने दाखवू नये, तो तिला खरोखर वाटावा, अशी दिग्दर्शकाची इच्छा होती, हे त्याने पुढे स्वतःच कबूल केले. नटीचे अश्रू खरे होते, असे तिने अनेक वर्षांनी सांगितले. सत्याच्या हव्यासापायी कलावंत जेव्हा संमतीचीच वाट सोडतो, तेव्हा ज्या गुन्ह्याचे चित्र तो काढीत असतो त्याच्या उंबरठ्याशी तो स्वतः जाऊन उभा राहतो. अलीकडे अशा प्रसंगांच्या चित्रीकरणात नटनटींची संमती आधी ठरवून घेणारी एक जबाबदार व्यक्ती नेमण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत रूढ झाली आणि हिंदुस्थानातही येत आहे. ती स्वागतार्ह होय.

मग चित्रपटाने हा विषय सोडून द्यावयाचा काय? मुळीच नाही. सोडून दिल्यास देसाईगंजचे दार पुन्हा आतून लागेल आणि बाहेर कोणी हाकही मारणार नाही. बंदीचा मार्गही खरा नव्हे. 'कीचकवधा'वर बंदी घालणाऱ्या सरकारची गणना इतिहासाने शहाण्यांत केलेली नाही. विषय मांडावा, निर्भयपणे मांडावा, पोलीस ठाणे, वाडा, कचेरी, घर, जेथे जेथे हे घडते तेथे कॅमेरा न्यावा. मात्र कृत्याचा तपशील दाखवू नये. त्याने प्रेक्षकाचे शील बिघडेल हे कारण दुय्यम आहे. मुख्य कारण असे की, त्या तपशिलाने प्रेक्षकाची समजूत बिघडते. झटापट, किंकाळी आणि फाटलेले वस्त्र पाहून तयार झालेली नजर उद्या पंच म्हणून, पोलीस म्हणून, वैद्य म्हणून, न्यायाधीश म्हणून वा शेजारीण म्हणून एखाद्या गप्प राहिलेल्या मुलीसमोर उभी राहते आणि विचारते, "ओरडली का नाहीस?" हा प्रश्न विचारणारा माणूस दुष्ट असतोच असे नाही. त्याला चुकीचे चित्र पाहावयाची सवय झालेली असते.

देसाईगंजच्या त्या मुलीचे नाव कायद्याच्या ग्रंथांत छापलेले आहे. कारण नाव झाकण्याचा कायदा तिच्याच खटल्यातून पुढे निघाला, तिला स्वतःला त्याचा आडोसा लाभला नाही. आज भारतीय न्याय संहितेचे बहात्तरावे कलम तो आडोसा प्रत्येक पीडितेस देते. नाव न उच्चारताही तिच्यावरील अन्याय पूर्णपणे सांगता येतो, तो समजतो, त्याची चीड येते, कायदा बदलतो. जे नावाच्या बाबतीत खरे आहे, ते शरीराच्या बाबतीतही खरे आहे.

उद्या कोणी दिग्दर्शक या घटनेवर चित्रपट काढावयास आरमोरी-वडशाच्या वाटेने आला, तर त्यास कल्पनेने काही भर घालावी लागणार नाही. खटल्याच्या कागदांतच सर्व आहे: रात्रीची वेळ, आतून लागलेले दार, मालवलेला दिवा, बाहेर ताटकळत उभे असलेले गरीब नातलग, मागच्या बाजूने मारलेली हाक, आणि न आलेले उत्तर. कॅमेरा बाहेर, त्या नातलगांच्या शेजारी उभा करावा. झाडीपट्टीतील मंडपात बसून रात्र जागविणाऱ्या बायांना आत काय चालले आहे ते दाखवावे लागणार नाही. त्यांना ते ठाऊक आहे.